वहीतली जोडी

जुलै संपायला चार दिवस उरले होते आणि रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या एका बर्फ कारखान्यात बसवलेला आमचा डबा बंद पडला होता. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. १ ऑगस्टला बोटी सुटतात, आणि बर्फ भरल्याशिवाय बोट बंदर सोडत नाही. त्यामुळे हा आठवडा बर्फवाल्यांच्या घाईचा. मिठाच्या पाण्याच्या टाकीत पत्र्याचे साचे सोडलेले असतात, साच्यातलं गोडं पाणी गोठून लादी तयार होते. टाकीतलं पाणी किती थंड आहे, अमोनियाच्या कॉम्प्रेसरवर दाब किती आहे, हे वाचून मालकांच्या मोबाइलवर कळवायचं, एवढंच आमच्या डब्याचं काम. आदल्या रात्री पावसात वीज दहा-बारा वेळा गेली-आली आणि डब्याच्या साठवणीतली आज्ञावली अर्धवट पुसली गेली.

अशा वेळी बोलावणं मला येतं. मी नाचण्याला घरी बसून एका कंपनीसाठी बूटलोडर लिहिते. बूटलोडर म्हणजे यंत्रातली सगळ्यात पहिली उठणारी आज्ञावली. प्रोसेसरला वीज मिळाली की त्याला काहीच ठाऊक नसतं: मेमरी किती, घड्याळ कुठलं, लिनक्स, म्हणजे यंत्राची मुख्य आज्ञावली, कुठे ठेवलंय. बूटलोडर उठतो, मेमरी जागी करतो, लिनक्स शोधतो, त्याला मेमरीत आणतो आणि कारभार त्याच्या हाती देऊन बाजूला होतो. सगळं मिळून दोन-चार सेकंद. पण साठवणीतलं लिनक्सच बिघडलेलं असेल, तर डब्यात जागा असलेला एकटा तोच. मग तो नेटवर्कच्या तारेतून दुसऱ्या संगणकाकडे लिनक्सची नवी प्रत मागू शकतो. कारखान्यातला डबा उघडून, चिप उकरून, पुण्याला पाठवण्यापेक्षा लॅपटॉप जोडून पाच मिनिटांत काम उरकतं. उरकायला हवं.

आम्ही वापरतो तो बूटलोडर म्हणजे यू-बूट. तो जर्मनीत वोल्फगांग डेंक यांनी २००० साली पीपीसीबूट या नावाने सुरू केला. पुढे तो इतर जातींच्या प्रोसेसरवरही चालू लागला आणि २००२ साली त्याचं नाव दास यू-बूट झालं. यू-बूट म्हणजे जर्मनमध्ये पाणबुडी. डेंक २०२२ च्या ऑक्टोबरात गेले. त्यांनी सुरू केलेलं काम आज घरातल्या राउटरपासून कारखान्यातल्या नियंत्रकांपर्यंत असंख्य यंत्रांमध्ये रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठतं, आणि ज्यांच्या घरी ते उठतं त्यांना त्याचं नावही माहीत नसतं. मला याचं फार वाटतं. म्हणून हे सगळं लिहिते आहे.

कारखान्यात फिटरचाचांनी खुर्ची दिली, वर प्लास्टिक धरलं, कारण पत्र्यातून गळत होतं. मी डब्याच्या आतल्या तीन पिनांना सीरियल तार लावली आणि लॅपटॉपवर अक्षरं दिसू लागली. यू-बूट जिवंत होता. मी त्याला सांगितलं, टीएफटीपीने लिनक्स आण. टीएफटीपी हा फाइल आणायचा अगदी साधा रिवाज आहे: एक तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा. नीट चाललं असेल तर पडद्यावर एकामागून एक चौकटीच्या खुणा, म्हणजे हॅश, उमटत जातात. तुकडाच आला नाही तर यू-बूट टी हे अक्षर छापतो, टाइमआउटचा टी. माझ्या पडद्यावर टी, टी, टी अशी रांग लागली.

त्याआधीच्या ओळीत मात्र सगळं ठीक होतं. तार जोडलेली आहे, वेग १०० मेगाबिट, दुतर्फा, म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांनी. म्हणजे रस्ता मोकळा आहे असं डबा सांगत होता आणि त्या रस्त्यावरून एकही गाडी जात नव्हती.

मी कारखान्यातल्या जुन्या आठ भोकांच्या हबसारख्या खोक्यातली तार काढली आणि लॅपटॉपचीच तार सरळ डब्याच्या पहिल्या भोकात घातली. हॅश धावू लागले. लिनक्स आलं, डबा उठला, चाचांनी मालकांना फोन केला. काम झालं होतं. पण मला घरी जाववेना. मी डबा पुन्हा बंद करून चालू केला आणि तीच तार दुसऱ्या भोकात घातली. यू-बूटने ठिपके छापत चार सेकंद वाट पाहिली आणि टाइमआउट म्हणून हात टेकले. तिसऱ्या भोकात तसंच. पहिल्या भोकात पुन्हा चालू. लिनक्स उठल्यावर मात्र चारही भोकं उत्तम चालत होती, त्या जुन्या खोक्यासकट.

पहिलंच भोक चालतं आणि तेही जुन्या खोक्याला जोडलं तर चालत नाही. नाचण्याला येईपर्यंत हेच डोक्यात घोळत होतं.

आता तारेच्या दोन टोकांना काय घडतं ते सांगायला हवं. नेटवर्कच्या तारेच्या प्रत्येक टोकाला एक छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं. त्याला आम्ही फाय म्हणतो. तारेतले विजेचे चढउतार वाचणं आणि पाठवणं हे त्याचं काम. त्याच्या मागे मॅक नावाचा भाग असतो, जो पाकिटं भरतो आणि फोडतो. तार जोडली की दोन्ही बाजूंचे फाय आधी बोलणी करतात. मिरकरवाड्याच्या जेटीवर लिलावाच्या वेळी सुरमईच्या टोपलीभोवती जे चालतं, तसंच. मला १० जमतं, १०० जमतं, १००० जमतं, एकतर्फी जमतं, दुतर्फा जमतं, तुला काय जमतं? ही बोलणी बारीक स्पंदनांच्या झुबक्यांनी होतात, दर साधारण १६ मिलिसेकंदांनी एक झुबका. दोघांना जमेल असा सगळ्यात वरचा आकडा ठरतो. शंभर मेगाबिटच्या इथरनेटसोबत १९९५ साली ही पद्धत प्रमाण झाली आणि तेव्हापासून आपण कुठलीही तार कशातही खुपसतो आणि ती चालते.

सौदा पटला की फाय तो आपल्या नोंदींमध्ये लिहून ठेवतो. मॅकने त्या वाचायच्या आणि आपला वेग तेवढा करायचा. वाचायला दोन बारीक तारांची वेगळी वाट असते, एमडीआयओ म्हणतात तिला. तिच्यावर ३२ पत्ते असतात, प्रत्येक पत्त्यावर ३२ नोंदी. दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीत फायची ओळख, म्हणजे तो कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या जातीचा. रिकाम्या पत्त्यावर विचारलं तर सगळे एकच एक मिळतात, कारण कुणीच तार खाली ओढत नसतं आणि ती वरच राहते. माझ्या लेखी हे फार सुंदर आहे: घरात कोणी नाही, हेसुद्धा स्पष्ट ऐकू येतं.

पण आमच्या डब्यात एकच भोक नाही, चार आहेत. प्रोसेसरला मात्र नेटवर्कचं तोंड एकच. मध्ये एक स्विच चिप बसवलेली आहे. रत्नागिरीकरांना हातखंब्याचा तिठा सांगितला की पुरे. मुंबईकडून आलेल्या, गोव्याकडून आलेल्या गाड्या तिठ्यावर येतात आणि ज्यांना गावात यायचंय त्या रत्नागिरीच्या रस्त्याला उतरतात. स्विच म्हणजे तो तिठा आणि गावात उतरणारा रस्ता म्हणजे स्विच आणि प्रोसेसर यांच्यामधली वाट. तिला सीपीयू पोर्ट म्हणतात.

बाहेरच्या चार भोकांना चार फाय आहेत, स्विचच्या पोटातच. सीपीयू पोर्टला फाय नाही. असायचं कारणही नाही. दोन चिपांमध्ये पाच सेंटिमीटर अंतर, तांब्याच्या रेषा सर्किटच्या पाटीवर कायमच्या कोरलेल्या. तिथे ना तार काढायची, ना घालायची, ना घासाघीस करायची. दोन्ही बाजूंचे मॅक थेट एकमेकांसमोर उभे. हापूसची बाग मोहोर यायच्या आधीच कराराने दिलेली असते, तसं. भाव ठरलेला, रोज सकाळी त्यावर बोलणं नाही. अशा जोडणीला फिक्स्ड-लिंक म्हणतात.

आणि इथेच एक अडचण उभी राहते. बोलणी होत नाहीत, म्हणून विचारायला कोणी नाही. प्रोसेसरच्या मॅकला स्वतःहून कळूच शकत नाही की समोरचा १००० ने चालतोय की १०० ने. घड्याळाचे ठोकेच वेगळे असतात: आमच्या पाटीवरच्या जोडणीत १००० ला सेकंदाला साडेबारा कोटी ठोके, १०० ला अडीच कोटी. एका बाजूने एक धरलं आणि दुसऱ्या बाजूने दुसरं, तर मधल्या पाच सेंटिमीटरमध्ये शुद्ध शांतता. कराराच्या दोन प्रतींत दोन आकडे असावेत तसं. म्हणून ते कुठेतरी लिहून ठेवावं लागतं आणि दोघांनी तेच वाचावं लागतं.

संध्याकाळी घरी दुसरा तसाच डबा टेबलावर मांडला. अण्णा आरामखुर्चीत होते. माझे वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते. २००० साली खात्याचं बीएसएनएल झालं तेव्हाही ते खांबावरच होते. टेबलावरची नेटवर्कची तार मी टोकाशी सोलून ठेवली होती, ती त्यांनी उचलली. "पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी. हे रंग आमचेच गो," म्हणाले.

रंग खरंच त्यांचेच आहेत. टेलिफोनच्या केबलमधल्या जोड्यांना ओळखायची जी रंगांची रीत होती, तीच या तारेत उतरली आहे. माझ्या लहानपणीच्या आठवणीत त्यांची एक लांबट वही आहे, वर खाकी कव्हर. अमुक पिलरमधली अमुक जोडी अमुक घरी. जमिनीतून शेकडो जोड्या गेलेल्या, सगळ्या सारख्या. पावसाळ्यात कुणाचा फोन गेला की अण्णा आधी वही उघडायचे. "कुठली जोडी कुठे गेली ते वहीत नसेल तर खांबावर चढून काय करू?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की मला त्याची चाल पाठ आहे.

आमच्या धंद्यातही तशी वही आहे. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. पाटीवर काय काय बसवलंय आणि कोण कोणाला कुठल्या वाटेने जोडलंय, याचं ते साध्या मजकुरातलं वर्णन. लिनक्सही तेच वाचतं, यू-बूटही तेच. त्यात मॅकच्या खाली फिक्स्ड-लिंक असं एक छोटं कलम लिहायचं आणि कलमात दोन गोष्टी: वेग १०००, आणि दुतर्फा. दुतर्फा हा शब्द लिहिला नाही तर वाचणारा एकतर्फी धरतो. तिथे हो-नाही असं काही नसतं. शब्द आहे म्हणजे हो, शब्द नाही म्हणजे नाही. पूर्वी हेच पाच आकड्यांच्या एका ओळीत लिहायचे आणि कुठला आकडा कशाचा ते पाठ असावं लागायचं. आताची शब्दांची रीत मला जास्त माणसाची वाटते.

मी वही उघडली. कलम होतं. मीच लिहिलेलं, दोन्ही शब्दांसकट. लिनक्स ते वाचत होतं, म्हणून चारही भोकं चालत होती. मग यू-बूटला काय झालं?

मी त्याला एमडीआयओवरचे पत्ते वाचायला लावले. शून्य ते तीन या पत्त्यांवर फाय उत्तर देत होते. स्विचच्या पोटातले फाय, बाहेरच्या भोकांचे. आमच्या स्विचमध्ये ते त्याच वाटेवर उघडे दिसतात. आणि यू-बूट कुठला फाय धरून बसला होता? शून्य पत्त्यावरचा. पहिल्या भोकाचा.

मग सगळं एका दमात उलगडलं. यू-बूटच्या मॅकला फाय हवा होता. कुठला ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो पत्ते शोधत निघाला आणि पहिला जो भेटला त्यालाच आपला मानून बसला. तो होता तिठ्यापलीकडच्या एका रस्त्यावरचा माणूस. पहिल्या भोकात तार नसेल तर तो म्हणायचा जोडणी नाही, मग बाकी तीन भोकांत तारा असल्या तरी यू-बूट टाइमआउट देणार. पहिल्या भोकात माझा लॅपटॉप असेल तर त्यांचा सौदा १००० ला पटायचा, मॅक आपला वेग १००० करायचा, आणि योगायोगाने सीपीयू पोर्टचाही वेग १०००, म्हणून गाडी धावायची. कारखान्यातलं जुनं खोकं मात्र १०० चंच. सौदा १०० ला. यू-बूटने इमानदारीने आपला मॅक १०० ला आणला. स्विचची बाजू १००० लाच ठाम. पाच सेंटिमीटरमध्ये शांतता, पडद्यावर टी, टी, टी.

वर्षभर घरच्या टेबलावर हे मला दिसलं नव्हतं, कारण माझ्या टेबलावर कायम पहिलं भोक आणि कायम नवा लॅपटॉप. चूक चालत राहिली तर ती चूक आहे हे कळत नाही.

पण कलम लिहिलेलं असताना यू-बूटने ते वाचलं का नाही? अण्णांनी ऐकलं आणि विचारलं, "वहीत लिहिलंस ना? मग वही उघडली कोणी?"

मी यू-बूटचा तो भाग काढून पाहिला, जिथे मॅक आणि फाय यांची गाठ घातली जाते. तिथे क्रम बरोबर आहे: आधी फिक्स्ड-लिंक आहे का बघ, असेल तर तीच घे, नसेल तरच पत्ते शोधायला नीघ. पण पहिली पायरी बांधणीच्या वेळी चालू केली असेल तरच आज्ञावलीत येते. बूटलोडरला जागा फार थोडी असते, म्हणून नको असलेलं सगळं वगळायची मुभा ठेवलेली असते. आमच्या बांधणीत फिक्स्ड फाय हा पर्याय बंद होता. कलम वहीत, आणि वही वाचणारा कामावर हजरच नाही. त्यामुळे यू-बूट थेट दुसऱ्या पायरीवर जायचा. एक ओळ बदलायची होती. मी ती बदलली, पुन्हा बांधणी केली, चारही भोकांत आळीपाळीने तार घातली. मग घरातलं एक जुनं १०० चं खोकं माळ्यावरून काढलं आणि त्यातूनही घातली. हॅश, हॅश, हॅश.

यू-बूटमधला हा फिक्स्ड फाय म्हणजे खरं तर एक कल्पित फाय आहे. ऑस्ट्रियातल्या बर्नेकर अँड रायनर या औद्योगिक यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीचं नाव त्या फाइलच्या माथ्यावर आहे. बाकी यू-बूटला फायशी बोलायची सवय झालेली. प्रत्येक मॅकच्या ड्रायव्हरमध्ये अपवाद घालत बसण्याऐवजी या मंडळींनी एक खोटा फाय उभा केला, जो एमडीआयओला हातही लावत नाही. विचारलं की वहीतलं कलम वाचून दाखवतो: वेग एवढा, दुतर्फा, जोडणी आहे. त्याला ओळखक्रमांकही दिलाय, ए५ए५५ए५ए. एक आणि शून्यांत मांडला तर पहिल्या अर्ध्यातल्या प्रत्येक एकाच्या जागी दुसऱ्या अर्ध्यात शून्य येतं आणि शून्याच्या जागी एक. वेग लिहायचा राहिला किंवा भलताच लिहिला तर तो अडून बसतो आणि स्पष्ट सांगतो की फिक्स्ड-लिंकमध्ये वेग दिलेला नाही किंवा चुकीचा आहे. अंदाज करत नाही. मला हे फार पटतं. अंदाजाने १००० धरून चाललं असतं तर दहातल्या नऊ पाट्या चालल्या असत्या, आणि दहावी कुठल्यातरी बंदरावर पावसात उघडावी लागली असती.

त्या रात्री मी जुन्या फाइली चाळत बसले. यू-बूटमध्ये मार्व्हेल कंपनीच्या स्विच चिपांचा एक ड्रायव्हर आहे. त्याच्या पहिल्या रूपाच्या माथ्यावर २००९ साल, आणि लिहिणाऱ्याचं आडनाव ‘कर’ने संपणारं, आपल्याकडचं. त्या वेळी अशा पाटीचं वर्णन वेगळ्या वहीत नसायचं. सीपीयूचं पोर्ट कुठलं, कुठली पोर्ट चालू ठेवायची, हे प्रत्येक पाटीच्या स्वतःच्या सी भाषेतल्या फाइलमध्ये एका तक्त्यात भरून ड्रायव्हरला द्यायचं. पुढे तो ड्रायव्हर नव्याने लिहिला गेला तेव्हा बांधणीच्या पर्यायांत एक आकडा आला, ज्यात फाय नसलेल्या पोर्टांवर खूण करायची: इथे कोणी नाही, विचारायला जाऊ नका. म्हणजे तेरा-चौदा वर्षांत हीच एक गोष्ट आधी सी भाषेत, मग पर्यायांमध्ये, मग डिव्हाइस ट्रीमध्ये लिहिली गेली. प्रत्येक वेळी कोणीतरी रात्र जागून ती लिहिली. ते आडनाव वाचल्यावर मला एकटं वाटलं नाही.

फिक्स्ड-लिंक लावून माझं काम भागलं, पण तिच्यात एक उणीव आहे आणि ती लपवून चालणार नाही. ती कायम म्हणते की जोडणी आहे. पाच सेंटिमीटरच्या वाटेबद्दल ते खरं आहे. पण चारही भोकं रिकामी असली तरी यू-बूटला वाटतं रस्ता मोकळा आहे, आणि तो टी छापत बसतो. पूर्वी निदान पहिल्या भोकात तार नाही हे तरी कळायचं.

यावर नीट तोडगा यू-बूटमध्ये २०२१ साली आला. लिनक्समध्ये तो २००८ पासून होता, लेनर्ट बायटेनहेक यांनी आणलेला. त्याला डीएसए म्हणतात. यात स्विचच्या प्रत्येक भोकाला स्वतंत्र नेटवर्क म्हणून वागवतात. स्विच प्रोसेसरकडे पाकीट देताना त्यावर चिठ्ठी लावतो, हे दुसऱ्या भोकातून आलं. प्रोसेसर पाठवतो तेव्हा तोही चिठ्ठी लावतो, हे तिसऱ्यातून बाहेर जाऊ दे. मग दोन प्रश्न वेगळे होतात. भोकात तार आहे का, हे त्या त्या भोकाच्या खऱ्या फायला विचारायचं. तिठ्यापासून गावापर्यंतचा रस्ता कसा आहे, हे वहीतून वाचायचं. आणि यू-बूटच्या डीएसएत सीपीयू पोर्टचं फिक्स्ड-लिंक कलम सापडलं नाही तर तो पुढे जातच नाही, तसा संदेश देऊन थांबतो. लिनक्स याबाबतीत बरीच वर्षं उदार होतं. सीपीयू पोर्टबद्दल काही लिहिलं नसेल तर सगळ्यात जास्त वेग धरून चालायचं. २०२२ साली तिथेही नवीन स्विच ड्रायव्हरांसाठी हे लिहिणं सक्तीचं झालं. जुन्या पाट्यांच्या वह्या अपुऱ्या आहेत हे ठाऊक असल्याने त्यांना सवलत ठेवली.

डीएसएचा आणखी एक फायदा फारसा बोलला जात नाही. अनेक स्विच चिपा वीज मिळाल्याबरोबर स्वतःहून सगळ्या भोकांमधली वाहतूक इकडून तिकडे सोडू लागतात. डब्याचं एक भोक बाहेरच्या इंटरनेटकडे आणि तीन आतल्या यंत्रांकडे असतील, तर लिनक्स उठून पहारा बसवेपर्यंतच्या काही सेकंदांत आतबाहेर मोकळं मैदान असतं. बूटलोडरमधला ड्रायव्हर आधी सगळी भोकं बंद करून लागेल तेवढंच उघडू शकतो. ज्यांच्याकडे कॉम्प्रेसरचा दाब मोजणारी यंत्रं आतल्या बाजूला आहेत, त्यांच्यासाठी हे काही सेकंद महत्त्वाचे आहेत असं माझं ठाम मत आहे, आणि मी कंपनीला तसं लिहून कळवलं आहे.

हे लिहिताना लक्षात येतंय की ज्या सीरियल तारेतून मी हे सगळं पाहत होते, तीही बोलणी करत नाही. तिचा वेग ११५२००, आठ बिट, दोन्ही टोकांना माणसाने आधीच ठरवलेला. एका बाजूला चुकला तर पडद्यावर नुसता कचरा. कारखान्यात ती तार मी न विचार करता लावली, कारण तो आकडा आमच्या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे. स्विच आणि प्रोसेसरमधला आकडा प्रत्येक पाटीचा वेगळा.

३० जुलैला मी पुन्हा मिरकरवाड्यात गेले. पाऊस थांबला होता, जेटीवर जाळी पसरलेली, डिझेलचे ड्रम बोटींवर चढत होते. डब्याची तांब्याची टोकं हिरवी पडू लागली होती, अमोनिया आणि खारी हवा मिळून तांब्याला खातात. ती पुसून वर पातळ ग्रीस लावलं. नवा यू-बूट भरला. मग मुद्दाम साठवणीतलं लिनक्स पुसून टाकलं आणि चाचांना सांगितलं, तुम्हाला वाटेल त्या भोकात तार घाला, तुमच्या जुन्या खोक्यातूनच. त्यांनी शेवटचं भोक निवडलं. पहिली ओळ हॅशांनी भरली, मग दुसरी. चाचा बराच वेळ ती रांग बघत उभे होते.

डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवून आले. सीपीयू पोर्ट, वेग १०००, दुतर्फा, सीरियल ११५२००, तारीख. अक्षर अण्णांचं आहे. माझं ओल्या हवेत पसरतं म्हणून त्यांनीच आपल्या जुन्या पेनने लिहून दिलं.